फॅमिली प्लॅन

“आई, दिवाळी ऑफर! गाणी आणि सिनेमे तीन महिने फुकट!” लेक ओरडली. सोऱ्या हातात तसाच धरून मी हसले. या गावात आल्यापासून ती पहिल्यांदाच इतकी खुशीत होती.

“फॅमिली प्लॅन घेतला. तुला जोडलं, बाबांनाही जोडलं.”

कढईतल्या चकल्या करपायला लागल्या. त्याच्या मारापासून पळून आम्ही इथे लपलो होतो. बाबा दिवाळीला येतील, असं तिला मीच खोटं सांगितलं होतं.

“बाबांना पत्ता दिलास?”

“द्यावाच लागतो. सगळ्यांचा एकच लागतो ना!”

मी धावत जाऊन दाराला कडी घातली.

“बाबांचा मेसेज आलाय,” ती टाइप करत म्हणाली. “विचारतायत, आकाशकंदील कुठल्या रंगाचा लावलाय? मी सांगितलं, हिरवा.”