देव पाण्यात

शनिवारी दुपारी मालनबाईंनी देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाण्याच्या तांब्यात ठेवला आणि डुलक्या आवरत टीव्ही लावला. न्यूझीलंडची रग्बीची कसोटी होती. ती धिप्पाड माणसं चेंडूसाठी एकमेकांवर का कोसळतात, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. पण वेलिंग्टनला राहणाऱ्या हर्षदला हा खेळ आवडायचा. एरवी त्याचा फोन ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’ एवढ्यावर संपे. मॅच झाली की मात्र मायलेक पोटभर बोलत.

आज काळ्या जर्सीवाले हरले. लेक हिरमुसला असेल म्हणून त्यांनीच फोन लावला. सुनेनं उचलला.

“आई, हर्षद कामावरून आला तो सोफ्यावरच झोपलाय. थांबा, उठवते. तुम्हाला फोन करायच्या आत स्कोअर बघून ठेवायचा होता त्याला.”

“म्हणजे? मॅच नाही बघितली त्यानं?”

“तो कुठला बघतोय! कंटाळाच आहे त्याला. तुम्हाला एवढा नाद, म्हणून करतो आपलं.”

मालनबाईंनी टीव्ही बंद केला. एवढ्या दुपारच्या झोपा घालवल्या, त्या यासाठी! पलीकडे कुजबुज झाली. मग जांभई दाबत हर्षद म्हणाला, “आई, हरलो गं! काय खेळले आज, शी!”

तांब्यातून गणपती काढून तो पदरानं पुसत त्या म्हणाल्या, “हो ना रे. शेवटी शेवटी घालवली बघ. पुढच्या शनिवारी कुणाशी आहे?”