दुसरी खाट

घंटी वाजवायला चिमीने हात वर केला, तेवढ्यात पायरीवर बसलेली मुलगी म्हणाली, "नको. काकू चारला उठतात. झोपमोड केलीस तर खोली राहू दे, पाणीही मिळायचं नाही."

चिमी मुकाट्याने तिच्या शेजारी टेकली. म्हणजे हीसुद्धा आलीच आहे, आणि आपल्या आधी! लांब वेणी, शांत चेहरा, मांडीवर पुस्तक. घरमालकिणीचं कुत्रं चिमीवर गुरगुरलं आणि वेणीवालीच्या पायाशी जाऊन लोळलं. कुत्र्यालाही पटवून बसलीय, चिमीच्या मनात आलं.

कॉलेजच्या आसपासचे सगळे उंबरे झिजवून झाले होते. कुठे खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, कुठे 'मुली नकोत', कुठे नुसतंच 'उद्या सांगतो'. मामाकडे आठवड्यासाठी आलेली चिमी महिना झाला तरी हलेना, तेव्हा मामीच्या हातची भांडी जरा जास्तच आपटू लागली. त्यात वडिलांचा फोन आला. "रविवारपर्यंत जागा बघ. नाहीतर सरळ घरी ये आणि दुकानात बस. पुरे झालं शिक्षणाचं खूळ."

हे सगळं ती वेणीवालीला सांगून बसली. जिभेला हाड नसतं ते असं. वेणीवालीने पुड्यातली बिस्किटं पुढे केली आणि विचारलं, "रात्री दिवा लावून वाचतेस का गं?"

"परीक्षा असली तरच."

"आणि घोरतेस?"

"मामी म्हणते, मढ्यासारखी झोपते."

वेणीवाली खुदकन हसली. वेळ घालवायला काहीतरी विचारत असेल, चिमीला वाटलं.

चारला कडी निघाली. वेणीवाली तेव्हा फोनवर बोलत फाटकापाशी गेली होती. तिने हातानेच खूण केली, तू जा आधी.

खोली चांगली उजेडाची होती. खिडकीखाली टेबल, दोन भिंतींना दोन खाटा. एकीवर अंथरुणाची नीट घडी. "ही आधीपासून राहते त्या मुलीची," काकू म्हणाल्या. "दुसरी रिकामी आहे." चिमीला तिथेच अंग टाकावंसं वाटलं.

"मग मला द्याल ना, काकू?"

"उद्या सांगते."

पुन्हा तेच. खिडकीतून फाटकापाशी उभी असलेली वेणीवाली दिसत होती. उद्या ही खाट तिचीच होणार, आणि आपण दुकानात! चिमीच्या तोंडून शब्द निघून गेले.

"काकू, त्या मुलीपासून जरा जपा हं. वसतिगृहातून तिला चोरीवरून काढलंय."

काकू खिडकीबाहेर बघतच राहिल्या. "ती? वेणीवाली?"

"हो."

"नक्की?"

"सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

काकूंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. उद्या सामान घेऊनच ये."

फाटकाशी वेणीवालीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"उद्या सांगते म्हणाल्या." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"देतील गं. नको काळजी करूस." उरलेला पुडा तिने चिमीच्या पिशवीत कोंबला आणि ती आत गेली.

त्यातलं एकही बिस्कीट चिमीने खाल्लं नाही. चोराच्या मनात चांदणं, मामीने नुसतं "काय झालं?" विचारलं तरी ती दचकली. स्वतःची लाज वाटत होती. ज्या मुलीने आपल्या घासातला घास दिला, तिच्यावरच आपण चिखल उडवला. शेवटी तिने ठरवलं, एकदा बस्तान बसलं की त्या मुलीला शोधायचं, मग अख्खं कॉलेज पालथं घालावं लागलं तरी चालेल. वणवण फिरून तिला याहून चांगली जागा मिळवून द्यायची. खरं सांगायचं की नाही, एवढं मात्र तिने ठरवलं नाही.

सकाळी काकूंनी हसतमुखाने दार उघडलं आणि तिच्या हातातली बॅग स्वतः घेतली. खोलीत दोन्ही खाटा उघड्या पडल्या होत्या.

"आधीची मुलगी कुठे गेली?" चिमीने विचारलं.

"बस आधी. तुझे उपकार झाले, बाई! माझं घड्याळ गेलं, तेव्हा मी उगाच कामवालीला नाही नाही ते बोलले. दोन वर्षं त्या पोरीला घरात ठेवलं, पण कधी शंका म्हणून आली नाही. आणि आव तरी केवढा! काल आत आली तीच मुळी म्हणत, 'काकू, त्या मुलीला नाही म्हणू नका हं. माझ्या खोलीत मला तीच हवी.'"