दीड मात्रा

"वा, केतकी!" तबल्याचे सर पुन्हा तिलाच म्हणाले. एकच तुकडा तीनदा वाजवून अचूक समेवर यायचं. ती येते, मी चुकते.

"तुझं गणित कच्चं आहे गं," सर मला म्हणाले. केतकी हसली. दहावीत मी कशात नापास झाले, हे तिला माहीत आहे.

घरी जळफळतच बीजगणिताची वही उघडली. तुकडा नऊ मात्रांचा, तीनदा सत्तावीस. सोळा-सोळा मात्रांची दोन आवर्तनं संपली की सम तेहतिसाव्या मात्रेवर, शेवटची मात्रा तिथेच पडायला हवी. मधे दोनदा थांबायचं. किती? क्ष! सातवीपासून मला छळणारा क्ष म्हणजे माझी थांबायची जागा होती.

आज मी स्वतः बांधलेला, दहा मात्रांचा तुकडा वाजवला. मधे दोनदा दीड-दीड मात्रा थांबले आणि नेमकी समेवर आले. सर काय म्हणाले, ऐकलंच नाही. मी केतकीकडे बघत होते.

ती बोटांवर मोजत होती.