मुलांना न उघडणारं हँडल

समजा, बाळांनो, तुमचं वय पाच आहे आणि तुम्ही एका बंद दाराच्या हँडलला लोंबकळताय. ओढताय, हिसकताय, दाराला लाथ मारताय. दार ढिम्म हलत नाही. आणि मागे उभे असलेले तुमचे आजोबा ते बघून खूश होताहेत. काय वाटेल तुम्हाला?

यूम्नाला काहीच वाटत नव्हतं. ती मन लावून लोंबकळत होती.

“बघितलंत निनादशेठ?” तिचे दादा, म्हणजे आजोबा, महमूदभाई म्हणाले. “पोरगी आमची भारी हुशार. टीव्ही लावते, माझ्या फोनचं लॉक उघडते. पण या हँडलपुढे तिचं काही चालत नाही. खालचं बटण दाबायचं आणि त्याच वेळी हँडल वर उचलायचं. लहान मुलाला हे सुचणारच नाही.”

निनादशेठ नेऱ्याच्या वाटेवर मोठी इमारत बांधत होते. तिच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता, बाग होती, डोंगराचा देखावाही होता. आता मुलांची सुरक्षितता तेवढी टाकायची राहिली होती.

महमूदभाई मस्कतहून कायमचे परत आले ते ही हँडलं विकायची कल्पना डोक्यात घेऊनच. जासईच्या गोदामातून खोके आले आणि पनवेलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये छतापर्यंत चढले. आल्यागेल्याला खोक्यांवरच बसावं लागे. कुबराने नवऱ्याला साफ सांगितलं होतं, “या घरात एक तर हे खोके राहतील, नाहीतर मी.” निनादशेठ आज हो म्हणाले तर खोके जाणार होते. म्हणून सगळं अडलं होतं ते या दारापाशी.

घरातल्या प्रत्येक दाराला आणि खिडकीला महमूदभाईंनी हे हँडल लावलं होतं. शेजारचे अबरारमियाँ, बँकेतून निवृत्त झालेले, एकदा या घरातल्या बाथरूममध्ये अडकले. बाहेर आले ते चहा न घेता घरी गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. कुबराला तर ते हँडल कधीच जमलं नाही. जन्मभर खाली दाबत आलेला हात वर उचलायला तयार होईना. मग तिचं दिवसभर कसं चालतं, हे महमूदभाईंनी बरेच दिवस विचारलं नव्हतं. कालच त्यांना ते कळलं होतं.

आज सकाळी म्हणूनच त्यांनी यूम्नाला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. पाहुण्यांसमोर बोलण्यासारखं ते नव्हतं. एरवीही ते नातीला सांगत, की बेटा, एकदा कबूल केलं की पाळायचं. आज जरा जोर देऊन सांगितलं.

“आता मला आतून बघू दे,” निनादशेठ म्हणाले. “आपण दोघं आत बसू. पोरीला बाहेरून खटपट करू दे.”

दोघे झोपायच्या खोलीत गेले. दार लागलं. बाहेरून यूम्नाने धडका मारल्या, हुंदकासुद्धा काढला. दार उघडलं नाही.

“मानलं, महमूदभाय,” निनादशेठ हसले. “सगळ्या इमारतीला हीच लावू. चला, बाहेर जाऊन तोंड गोड करू.”

महमूदभाईंनी बटणावर अंगठा ठेवला. बटण दबेना.

त्याचं असं होतं, की या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नव्हती. फ्रिजवर होतं, रिमोटवर होतं, सोफ्यावर तर बसलं की चुरचुरायचं. काढलं तर वस्तू जुनी होते, असं महमूदभाईंचं मत होतं. पाहुण्यांना दाखवायला या दाराला आज सकाळीच कोरं हँडल बसवलं होतं. बाहेरच्या बाजूचं प्लॅस्टिक त्यांनी काळजावर दगड ठेवून काढलं होतं. आतल्यावर ते तसंच होतं, चिकटपट्टीसकट. आता त्यांनी ते नखांनी ओरबाडलं, तर त्याची एक सुरळी झाली आणि बटणाखाली जाऊन घट्ट बसली.

“कुबरा!” महमूदभाईंनी हाक मारली. “जरा बाहेरून उघड!”

कुबरा पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली. तिने हँडल धरलं आणि सवयीने खाली दाबलं.

“वर! वर उचल!”

“वरच उचलतेय!” म्हणत तिने आणखी जोरात खाली दाबलं.

“बटण दाब आधी!”

“आता बटण दाबू, की उचलू, की तुमचं ऐकू? एक काय ते सांगा.”

“महमूदभाय,” आतून निनादशेठचा आवाज आला, “खिडकीतून कुणाला हाक मारायची, तर खिडकीलाही तुमचंच हँडल हाय, प्लॅस्टिकसकट.”

कुबराने कपाळाला हात लावला. कपाळही पिठाचं झालं. मग तिची नजर नातीकडे गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“अगं यूम्ना, उभी काय राहिलीस? उघड ना. रोज मला उघडून देतेस तसं!”

आत निनादशेठ महमूदभाईंकडे वळले.

“रोज?” निनादशेठनी हळूच विचारलं.

महमूदभाई नुसते खोकले. मग दाराच्या फटीला तोंड लावून मऊ आवाजात म्हणाले, “बेटा, उघड.”

“नाही,” यूम्ना म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना दादा, पाहुणे जाईपर्यंत उघडायचं नाही. नुसतं लोंबकळायचं आणि खोटं खोटं रडायचं. पाहुणे गेले की मग दुसरं चॉकलेट.”

“अगं बाय, पण मी जाणार कसा?” निनादशेठ ओरडले.

यूम्नाने यावर नीट विचार केला. प्रश्न बरोबर होता. पण कबूल म्हणजे कबूल. ती दाराला पाठ टेकून फरशीवर बसली, फ्रॉकच्या खिशातून पहिलं चॉकलेट काढलं आणि त्याच्यावरचा कागद एका झटक्यात सोलून टाकला.