पाठमोरं गाव

विंचवानं नांगी मारली तेव्हा महालिंगअप्पा चुलीसाठी गोवऱ्या काढत होते. विंचू तांबडा होता. बघता बघता कळ खांद्यापर्यंत गेली. अप्पांनी चपलेनं आधी विंचू मारला आणि मग स्वतःलाच हसले. उभा जन्म दुसऱ्यांचे विंचू उतरवण्यात गेला, पण स्वतःचा काही उतरवता येत नव्हता. न्हाव्याला आपली मान भादरता येत नाही, तसलाच प्रकार.

त्यांनी बोरीच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुषा मॅडमना फोन लावला. दोघांचं चांगलंच जमायचं. दोन वर्षांपूर्वी मॅडम अप्पांच्या ओट्यावर येऊन बसल्या, पण मंत्र सोडा असं काही म्हणाल्या नाहीत. "मंत्र म्हणा, पण माणूस लगेच माझ्याकडे पाठवा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून अप्पा मंत्र म्हणून मनगटाला दोरा बांधत आणि बजावत, "दवाखान्याची पायरी चढल्याबिगर ह्यो लागू व्हत न्हाई." लोक धावत जात. गोळी मॅडमची आणि भरवसा अप्पांचा, असं ते चाललं होतं.

"अप्पा, आत्ताच्या आत्ता निघा," मॅडम म्हणाल्या. "आमची गाडी बाळंतिणीला घेऊन परभणीला गेलीय. कुणाच्याही मोटारसायकलवर बसा, पण उशीर करू नका."

कुणाच्याही. इथंच तर सगळं अडत होतं.

अप्पांचा एक नियम अख्ख्या गावाला पाठ होता. ज्या घरानं मंत्र घेतला, त्या घरानं पुन्हा अप्पांशी बोलायचं नाही, त्यांना तोंड दाखवायचं नाही. दाखवलं की उतरलेलं विष परत चढतं. घरात पुन्हा कुणाला विंचू चावला, तरच बोलायला मोकळीक. इतक्या वर्षांत विंचवांनी गावातलं एकही घर सोडलं नव्हतं. त्यामुळे अप्पा समोरून आले की बायका पदर ओढून घेत, पारावरची माणसं उठून जात. किराणावाला गोपाळ तर त्यांच्याकडे पाठ करूनच साखर जोखायचा. बायको बसम्मा होती तोवर घरात निदान भांडायला कुणी होतं. ती गेल्यापासून अप्पा टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईलाच उत्तरं देत.

त्यांनी गोपाळला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. आणखी दोघांना लावला. त्यांनी अप्पांचं नाव बघितलं आणि म्हणूनच उचलला नाही. अप्पांना दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडायला लागले. भिंत धरत धरत ते शेजारच्या बजरंगच्या अंगणात गेले. गेल्या साली त्याच्या पोरीला अप्पांनीच दोरा बांधला होता. अप्पा दिसताच बजरंगनं पोरीला आत ढकललं आणि दार लावून घेतलं.

"सविता, अप्पास्नी म्हणावं, तुमी देव हाव आमचे," तो आतून बायकोला मोठ्यानं सांगू लागला. "पण म्होरं येऊ नका म्हणावं. लेकराचं चढंल."

"मलाच चावलाय रे, बजरंग," अप्पा दाराला टेकून म्हणाले.

मग कडी वाजली. बजरंग बाहेर आला तो तोंडाला रुमाल गुंडाळूनच. नजर जमिनीवर. त्यानं अप्पांना उचलून गाडीवर बसवलं, पडू नयेत म्हणून सविताच्या जुन्या लुगड्यानं स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि गाडी हाणली. बोलला मात्र एक शब्द नाही.

दोन्ही बाजूंनी कापसाची रानं मागं पडत होती. माणसाच्या पाठीची ऊब अप्पांना कितीतरी दिवसांनी लागत होती. त्यांना वाटलं, आपण काही यातून उठत नाही. मग पोटात ठेवून तरी काय करायचं?

"बजरंग, आईक. त्यो नियम गुरूचा न्हाई, माझाच हाय. लय सालं झाली, एका बापानं मेलेलं लेकरू माझ्या ओट्यावर आणून ठिवलं. मंत्र लागला न्हाई, आसं बी बोलला न्हाई. नुसता माझ्या तोंडाकडं बघत बसला. मला त्ये सोसंना. कोण जगलं, कोण गेलं, मला कळूच नये म्हणून केला मी नियम. विष चढत-बिढत काय न्हाई रे."

पाठ हलली नाही. अप्पांनी तिच्यावर कपाळ टेकलं.

"आता लेकरं वाचायलीत. आता वाटतंय, कुणी तरी यावं, बरं हाय म्हणून सांगावं. पोरीला घिऊन येत जा. च्या पाजीन."

बजरंगनं गाडी आणखी जोरात सोडली.

दवाखान्यात मॅडमनी गोळी दिली, सलाईन लावलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "वेळेत आलात अप्पा," त्या म्हणाल्या. अप्पांच्या जिवात जीव आला. त्यांनी मान वळवून बघितलं. बजरंग दारात उभा होता, पाठमोरा.

"बजरंग," अप्पांनी हाक मारली.

तो वळला नाही. पण त्याचे खांदे हलत होते. तसाच भिंतीकडं तोंड करून तो रडत रडत म्हणाला, "म्याडम, विष डोक्यात गेलंय ह्यांच्या. वाटंनं काय बी बरळले, त्ये मनावर घिऊ नका. पण ह्यास्नी वाचवा. आमाला ह्यांच्याबिगर कोण हाय?"