डाळभाजीचा पेपर

शेषरावांनी ताट वाढलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“तू खाय. मी उभाच बरा,” ते म्हणाले.

रश्मीने ताटाकडे पाहिलं. डाळभाजी, भाकर, कांदा. अट तिचीच होती. जपानच्या एका विद्यापीठात वर्षभर राहून तिथली भाषा आणि रीतभात शिकायची, यासाठी तिची निवड झाली होती. होकार आज कळवायचा होता. पण आई गेल्यापासून दर्यापूरच्या या घरात बाबांनी चहाशिवाय काही केलं नव्हतं, आणि चहाही निम्मा उतू जायचा. म्हणून तिने सांगून टाकलं होतं, कोणाच्याही मदतीशिवाय एक जेवण करून दाखवा. जमलं तर जाईन, नाही तर राहिलं. आणि आपली लुडबुड नको म्हणून ती सकाळीच जीपने अमरावतीला मैत्रिणीकडे निघून गेली होती. आत्ताच परतली होती.

“भाकर गोल नाई झाली,” शेषरावांनी आधीच सांगितलं.

“गोल जाऊ द्या. ही एक बी नाई झाली. चार तुकडे हायेत.”

“तूच म्हणे ना, जपान चार मोठ्या तुकड्यांचं हाय म्हणून. बाकी सारा चुरा.”

रश्मीने हसू दाबलं. भाजी किती केली ते पाहायला तिने भाजीच्या पातेल्यावरचं, गंजावरचं झाकण काढलं, आणि तिचा हात थांबला. गंजाच्या काठावर नाव कोरलेलं होतं. ‘चि. सौ. कां. मनकर्णा हीस मामाकडून.’

मनकर्णाकाकू शेजारच्या. त्यांच्या हातच्या डाळभाजीसाठी लोक त्यांना लग्नघरी बोलावून न्यायचे.

“बाबा, हा गंज कोणाचा?”

“गंज कोणाचा बी असो, गंजच असते.”

“नाव हाय त्याच्यावर.”

शेषराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

“मले जपानी अक्षरं शिकाले धाडून राहिले तुमी. मराठी वाचता येत नाई असं वाटलं काय?”

“भांडं त्याईचं हाय. भाजी माही.”

“हो. कॉपी करनारं पोट्टं बी असंच म्हणते. चिठ्ठी त्याची, अक्षर माहं.”

तिने ताट सरकवलं आणि मोबाईल उचलला. नकार लिहायला फार वेळ लागणार नव्हता. ‘माफ करा’ म्हणायचे जपानीतले कितीतरी प्रकार तिने पाठ केले होते. शेषराव तिच्या बोटांकडे पाहत राहिले. ती अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण ती काय लिहिते आहे ते कळत होतं.

“आपला गंज न्हाणीत हाय,” ते म्हणाले. “भिजू घातला.”

रश्मी न्हाणीत गेली. आईच्या नावाचा गंज होता तो. आतून पार कोळसा झालेला. बाहेरून उतू गेलेल्या डाळीचे काळे ओघळ. त्या सगळ्यात एकच जागा घासून घासून लख्ख केलेली होती. तिथे ‘चंदा’ एवढंच लिहिलेलं होतं.

ती परत आली तेव्हा शेषराव तसेच उभे होते.

“पयली भाजी करपली. मंग काकूले भांडं मांगतलं. त्या भाजी बी देऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, नोको. आज माहा पेपर हाय.”

“भाजी तुमीच केली, कशावरून?”

“चाखून तं पाह्य.”

रश्मीने एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग पाण्याचा गिलास उचलला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

“मनकर्णाकाकूनं ठरवलं तरी अशी भाजी त्याईच्या हातून होनार नाई,” ती म्हणाली. “मीठ किती टाकलं?”

“टाकलं का नाई ते याद नाई राह्यलं. म्हून पुन्हा टाकलं.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून मनकर्णाकाकूंचा आवाज आला. “काय वं रश्मे, काय निकाल लागला? अन् माहा गंज जित्ता हाय ना?”

“जित्ता हाय काकू,” रश्मी ओरडली. “निकालाचं मंग सांगीन.”

ती ताट घेऊन उठू लागली.

“टाकू नोको,” शेषराव म्हणाले. “जपानात ताटात काही ठेवत नाईत म्हणे. रोज मलेच सांगते तू.”

रश्मीने ताट परत खाली ठेवलं. मग खाली बसली. जपानी लोक जेवणाआधी जोडतात तसे तिने हात जोडले आणि म्हणाली, “इतादाकिमास.” शेषरावांनीही जोडले. सवय तिनेच लावली होती. मग ते तिच्यासमोर बसले आणि चार तुकड्यांतला एक उचलून खाऊ लागले.

“भाजी तुमचीच हाय, हे मान्य,” रश्मी म्हणाली. “पण पास कसं करू? हे खाऊन वर्षभर कसे राहसान तुमी?”

शेषराव चावत होते. भाकर कडक होती, वेळ लागला.

“तुही आई लग्न होऊन आली तवा अशीच करे,” ते म्हणाले. “मी मुकाट्यानं खाल्ली. तिले बी वर्षच लागलं होतं.”

रश्मीने मोबाईल घेतला आणि लिहिलेला नकार पुसला. मग भाकरीचा दुसरा तुकडा उचलून भाजीत बुडवला.