कोऱ्या बिलावरची सही

फार्मसीची डिग्री घेऊन तिने दीड वर्ष चपला झिजवल्या, तेव्हा कुठे एक काम हाती लागलं. मेडिकलवाला म्हणाला, "दुकानात यायची गरज नाही. तुझं सर्टिफिकेट भिंतीवर लावू. महिन्यातून एकदा ये आणि कोऱ्या बिलांवर सह्या करून जा." घरी तिने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आज आई चक्कर येऊन पडली. गोळ्यांची पट्टी बघून डॉक्टर भडकले, "मी लिहिलेली गोळी ही नव्हेच! दुकानात फार्मासिस्ट होता की नाही?"

"असणारच. बिलावर सही आहे ना!" बाबांनी खिशातून चुरगळलेलं बिल काढलं, मांडीवर सरळ केलं आणि तिच्यापुढे धरलं.

"माझा चष्मा घरी राहिलाय. वाच गं, कोणाचं नाव आहे?"